दैंगन, डिंगल आणि एका पाटीची सहा वर्षं

मे 2009. तेव्हा आम्ही कॉर्कला राहायचो. लाँग वीकेंड आला म्हणून भाड्याची गाडी घेऊन डिंगलला निघालो, आयर्लंडच्या नैऋत्य टोकाला समुद्रात बोट घातल्यासारखी जमीन गेलीये तिथलं हे छोटं बंदर, केरी काउंटीत. बायकोच्या मांडीवर कागदी नकाशा, त्यावर ठळक अक्षरात डिंगल. ट्रॅली सोडलं, एन-86 रस्ता धरला आणि पाट्या बघत चाललो तर डिंगल कुठेच नाही. दिसतंय ते 'अन दैंगन'. एकदा गाडी वळवून मागेसुद्धा आलो, म्हटलं फाटा चुकला. चुकला नव्हता. पुढे एका पाटीवर कुणीतरी काळ्या स्प्रेने वेड्यावाकड्या अक्षरात डिंगल लिहून ठेवलं होतं तेव्हा जीवात जीव आला.

तिकडच्या पाट्यांची पद्धत अशी की वर आयरिश नाव तिरक्या अक्षरात आणि खाली इंग्लिश नाव सगळं कॅपिटलमधे. इथे वरचं तिरकं होतं, खालचं गायब. रात्री आमच्या बी-अँड-बीच्या, म्हणजे राहणं-न्याहारीच्या घरगुती लॉजच्या, मालकाला सहज विचारलं आणि माणूस जो सुटला तो चहा गार होईपर्यंत थांबला नाही. त्यानंतर हा विषय माझ्या डोक्यात बसलाय, जमेल तसं वाचत गेलो, आज सगळं एकत्र लिहून काढतोय. भाषेच्या भांडणाची केस म्हणून ही सांगितली जाते. मला मात्र ती नाव नोंदवण्याची केस वाटते, का ते पुढे येईलच.

आधी कायदा. आयर्लंडमधे 2003 साली अधिकृत भाषा कायदा झाला. त्यात गावांच्या नावांबद्दल एक भाग आहे: मंत्री स्थळनाम आयोगाचा सल्ला घेऊन एखाद्या जागेचं आयरिश नाव जाहीर करू शकतो, आणि ती जागा गेलटाख्टमधे असेल, म्हणजे जिथे आयरिश ही रोजची भाषा आहे असं सरकार मानतं त्या पट्ट्यात, तर तिथल्या इंग्लिश नावाला काही ठरावीक ठिकाणी काहीच किंमत राहत नाही. ती ठिकाणं म्हणजे नवे कायदे, सरकारी सर्व्हेचे नकाशे आणि लोकल कौन्सिलच्या रस्त्यावरच्या पाट्या. तुम्ही घरी, दुकानात, बिलावर काय लिहिता याच्याशी सरकारला घेणंदेणं नाही. 2004 मधे असा आदेश निघाला, 28 मार्च 2005 ला लागू झाला आणि दोन हजारांहून जास्त गावं, वाड्या, जागा एका फटक्यात फक्त आयरिश झाल्या. मंत्री होते एमन ओ कीव, आयरिश स्वातंत्र्यलढ्यातले नेते डी व्हॅलेरा यांचे नातू. स्वतः आयरिश बोलणारे, या विषयात अगदी मनापासून असलेले. त्या यादीत डिंगलच्या जागी आलं अन दैंगन.

बाकीच्या नावांनी फारसा गोंधळ घातला नाही. हे एक गाव पेटलं, कारण ते टुरिझमवर जगतं. जेमतेम दोन हजार वस्ती, पण उन्हाळ्यात पाय ठेवायला जागा नसते. बंदरात 1983 पासून फंगी नावाचा एक डॉल्फिन मुक्कामाला होता, नुसता तो बघायला बोटी भरून लोक जायचे. अमेरिकेतून आलेल्या माणसाच्या गाइडबुकात डिंगल, हॉटेलच्या बोर्डावर डिंगल, आणि रस्त्यावर मात्र जे वाचता येत नाही असं काहीतरी. धंदेवाल्यांनी आरडाओरडा केला यात नवल नाही. डब्लिनच्या लोकांना ते पैशासाठी इंग्रजीला कवटाळणारे वाटले, गाववाल्यांना सरकार आपलं नाव चोरतंय असं वाटलं, आणि पेपरात दोन वर्षं हेच.

आता नावाकडे या, कारण खरी मजा तिथे आहे.

दैंगन म्हणजे गढी. किल्ला म्हटलं तर डोळ्यासमोर रायगड येतो, तसलं काही नाही. पक्की, बंदिस्त, सहज न फोडता येणारी जागा, आपल्याकडे इनामदाराची गढी असायची त्याच चालीवर. विशेषण म्हणूनही तोच शब्द चालतो, घट्ट, भक्कम अशा अर्थाने. गावाचं पूर्ण आयरिश नाव आहे दैंगन ई खूश (हो, उच्चार साधारण असाच, मलाही हसू आलं होतं). ओ कूश घराण्याची गढी. हे ओ कूश म्हणजे इंग्रजीतले हसी, नॉर्मन लोकांबरोबर आलेलं घराणं, पुढे तिथलंच झालेलं. कूशचं खूश कसं झालं? मालकी दाखवताना आयरिशमधे शब्दाचं तोंडच बदलतं, 'ओ' चं 'ई' होतं आणि पुढचा क घासून ख सारखा होतो. आपण घोडाचं घोड्या करतो म्हणजे शेपूट बदलतो, ते डोकं बदलतात. यामुळेच नकाशा काढणाऱ्या परक्या माणसाची पार दांडी उडते, एकच शब्द तीन जागी तीन अक्षरांनी सुरू झालेला ऐकू येतो.

आणि डिंगल? इंग्रजीत डिंगल असा खरोखरच एक शब्द आहे, झाडीने भरलेली छोटी घळ असा त्याचा अर्थ, त्यामुळे बऱ्याच लोकांना वाटतं इंग्रजांनी घळ बघून नाव ठेवलं असणार. तर तसं अजिबात नाहीये. डिंगल हे दैंगनच आहे. जुन्या कागदांत डेंगिन सारखी रूपं सापडतात, पुढे शेवटच्या न चा ल झाला, आपल्याकडे कडुनिंबाचा कडुलिंब झाला तसा, आणि गाडी डिंगलवर येऊन थांबली. म्हणजे ज्या नावाला परकं म्हणून पाटीवरून खाली उतरवलं ते शेकडो वर्षांपूर्वी परक्याच्या कानाने ऐकलेलं आयरिश नावच होतं. हे कळल्यावर मला सगळ्या भांडणाकडे वेगळ्या नजरेने बघावंसं वाटायला लागलं.

परक्याचा कान कसा चालायचा याची सगळ्यात मोठी नोंद आहे ऑर्डनन्स सर्व्हेची. 1824 मधे जमिनीवरचा लोकल कर नीट बसवायचा म्हणून ब्रिटिशांनी अख्ख्या आयर्लंडचा, एका मैलाला सहा इंच, इतका बारीक नकाशा करायला घेतला. प्रमुख होते थॉमस कोल्बी. (याच कोल्बींची बेसलाइन, म्हणजे नकाशाची पायाभूत रेषा, मोजायची खास पट्टी, उन्हाने लोखंड प्रसरण पावलं तरी लांबी न बदलणारी, ती भारताचा सर्व्हे करणाऱ्या एव्हरेस्ट साहेबांनी आयर्लंडला जाऊन बघितली आणि 1830 मधे भारतात आणली. आपले आणि त्यांचे नकाशे एकाच घराण्यातले म्हणायला हरकत नाही.) साठ हजारांच्या वर टाउनलँड, म्हणजे शिवाराएवढे जमिनीचे तुकडे, आणि प्रत्येकाला स्वतःचं नाव. त्या नावांचं करायचं काय?

त्यासाठी 1830 मधे जॉन ओडोनोव्हन नावाच्या चोवीस वर्षांच्या तरुणाला नोकरीवर घेतलं. किल्केनीच्या शेतकरी घरातला, आयरिश घरचीच आणि जुनी हस्तलिखितं वाचता येणारा. हा माणूस अनेक वर्षं एकेक काउंटी पालथी घालत हिंडला. नेम बुक नावाच्या वह्या असायच्या. त्यात एका नावाची वेगवेगळी स्पेलिंगं, कुणाच्या कागदात कसं आहे, पाद्री काय लिहितो, जमीनदार काय लिहितो, सगळं ओळीने मांडलेलं. ओडोनोव्हन गावात जाऊन म्हाताऱ्या आयरिश बोलणाऱ्यांच्या तोंडून ते नाव ऐकायचा, मूळ आयरिश रूप आणि अर्थ टिपून ठेवायचा आणि मग नकाशावर छापायचं इंग्रजी स्पेलिंग ठरवायचा. केरीत तो 1841 मधे पोचला, आणि केरीचे नकाशे अगदी शेवटी, 1846 पर्यंत निघाले. म्हणजे बटाट्याचं पीक बुडाल्याचा तो मोठा दुष्काळ सुरू झालेला, आणि ज्यांच्या तोंडून ही नावं ऐकायची ती माणसंच मरत किंवा जहाजात बसून निघून जात होती. दहा वर्षं उशीर झाला असता तर काय काय गेलं असतं याचा विचार न केलेला बरा.

मला या ओडोनोव्हनबद्दल आदर पण आहे आणि रागही येतो. आदर यासाठी की अर्थ त्याने लिहून ठेवला. राग यासाठी की नकाशावर जे छापलं गेलं त्यातून अर्थ गळून गेला आणि तो वहीतच राहिला. एकच उदाहरण देतो. आयरिशमधे 'किल' म्हणजे जुनं चर्च, आणि 'क्विल' म्हणजे जंगल. इंग्रजी नकाशावर दोन्हीचं किल. आयर्लंडभर किल-अमुक, किल-तमुक अशी ढिगाने गावं आहेत, नकाशा बघून तुम्हाला सांगताच येणार नाही की इथे एकेकाळी घंटा वाजत होती की लांडगे ओरडत होते.

उलटही होतं हं. दैंगनच्या पश्चिमेला सात-आठ किलोमीटरवर व्हेंट्री नावाचं गाव आहे, समोर लांबच लांब पांढऱ्या वाळूचा किनारा. आज तिथलं आयरिश नाव क्यान त्रॉ, किनाऱ्याचं टोक. पण व्हेंट्री हे इंग्रजी रूप निघालंय जुन्या फ्यून त्रॉ वरून, पांढरा किनारा. मध्ययुगातल्या आयरिश गोष्टीत इथे मोठी लढाई झाल्याचं सांगितलंय तेही पांढरा किनारा याच नावाने. म्हणजे इथे अर्थ इंग्रजी नावात शिल्लक राहिला आणि आयरिश बोली पुढे सरकली. मग शुद्ध कोण आणि भ्रष्ट कोण, ठरवा तुम्ही.

आता मूळ प्रश्न. सरकारी यादीत दैंगन ई खूश न येता नुसतं अन दैंगन का आलं? ('अन' म्हणजे इंग्रजीतलं 'द', बाकी काही नाही.) स्थळनाम आयोग 1946 पासून आहे आणि तिथली माणसं उगाच काहीतरी ठरवणारी नाहीत. जुने कागद काढतात, लोक कसं बोलतात ते ऐकतात, मग सल्ला देतात. आणि कोर्का ग्विना भागात, म्हणजे या सगळ्या टोकाला आयरिशमधे जे म्हणतात तिथे, आयरिश बोलणारे लोक रोज नुसतं अन दैंगनच म्हणतात. ई खूश कोण कशाला लावेल? तिथे दैंगन म्हटलं की हेच गाव. फील्डवर्कच्या नियमाने नोंद अगदी बरोबर होती, जे तोंडात आहे ते लिहिलं.

घोळ इथे आहे. तोंडातलं नाव आणि पाटीवरचं नाव ही दोन वेगळी कामं करतात. आपल्याकडे वडगावचा माणूस घरी फोनवर नुसतं वडगाव म्हणतो, बुद्रुक म्हणायची त्याला कधी गरजच पडत नाही, पण तलाठ्याच्या दप्तरातून कुणी बुद्रुक आणि खुर्द उडवून दाखवा, पोस्टमन राजीनामा देईल. आयर्लंडमधे दैंगन नावाचं दुसरं एक नामांकित गाव आहेच, तिकडे मधल्या पट्ट्यात ऑफली काउंटीत. त्याची गोष्ट अजून भारी: सोळाव्या शतकात इंग्रजांनी त्याचं नाव फिलिपस्टाउन केलं, राणी मेरीचा नवरा स्पेनचा फिलिप याच्यावरून, आणि स्वातंत्र्यानंतर लोकांनी ते टाकून जुनं दैंगन परत आणलं. म्हणजे 2005 नंतर देशात दोन दैंगन झाले, एकमेकांपासून दोन-अडीचशे किलोमीटरवर. डिंगल हे भ्रष्ट रूप नकळत इतकी वर्षं ई खूशचंच काम करत होतं, हे दैंगन वेगळं आहे एवढं सांगायचं काम. ते काढलं आणि त्या जागी काहीच ठेवलं नाही. माझ्या मते आदेशात दैंगन ई खूश असतं तरी दुकानदारांनी कटकट केलीच असती, पण इतकी माणसं एका बाजूला गेली नसती. तुमचं मत वेगळं असू शकतं.

कारण किती माणसं गेली ते बघा. 2006 च्या ऑक्टोबरमधे केरी काउंटी कौन्सिलने गावात मतदान घेतलं, प्रश्न एकच, नाव डिंगल / दैंगन ई खूश असं दोन्ही भाषांत करायचं का. यादीत 1,222 मतदार, 1,086 मतपत्रिका परत आल्या, त्यातल्या 1,005 हो म्हणाल्या आणि 70 नाही. शंभरात ब्याण्णव! आमच्या सोसायटीत लिफ्टच्या रंगावर एवढं एकमत होत नाही. आणि यात एक गोष्ट पेपरांनी फार उचलली नाही असं मला वाटतं, की लोकांनी नुसतं डिंगल मागितलं नव्हतं. आयरिश नाव पाहिजेच होतं त्यांना, पूर्ण, ई खूश सकट.

मंत्र्यांची बाजूही ऐकायला हवी. एका गावाला सवलत दिली की गेलटाख्टमधली बाकीची गावं रांगेत उभी राहणार, आणि मग कायद्याला अर्थ काय उरला. शिवाय गेलटाख्टचा दर्जा हवा, त्याबरोबर येणारी मदत हवी आणि पाटी मात्र इंग्रजीत, हे कसं चालेल, असा त्यांचा सूर. यात तथ्य आहे. डिंगल गावात खुद्द रोजचं बोलणं बहुतेक इंग्रजीतच चालतं, आयरिश पक्की आहे ती गावाबाहेर पश्चिमेला, क्यान त्रॉ, दून ख्वीन त्या अंगाला. इंग्रजी पाटी असली की इंग्रजी जिंकते हा अनुभव त्यांना दोन-तीनशे वर्षांचा आहे, हे आपल्याला मुंबईत राहून समजायला जड जाऊ नये.

पण मतदान झालं आणि काहीच झालं नाही. एका कायद्यात गाव मत देऊन नाव बदलू शकतं, दुसऱ्या कायद्यात गेलटाख्टमधलं नाव मंत्र्याचा आदेश ठरवतो, मग वरचढ कोण? यात वर्षामागून वर्षं गेली. पाट्या तशाच. स्प्रेचे डबे खपत राहिले. आम्ही गेलो ते या मधल्या काळात, म्हणजे मत देऊन अडीच वर्षं झालेली आणि बी-अँड-बीचा मालक अजून हातवारे करून सांगतोय की मी माझ्याच गावाचं नाव स्वतःच्या पत्रिकेवर छापू शकतो पण कौन्सिल ते रस्त्यावर लावू शकत नाही.

शेवटी 2011 मधे सुटलं, आणि कसं सुटलं ते ऐकून मी दोनदा वाचलं होतं. पर्यावरण (संकीर्ण तरतुदी) कायदा, 2011. त्यात प्लास्टिक पिशव्यांवरचा कर आहे, कचरा डेपोवरचा कर आहे, हवेचं प्रदूषण आहे, आणि त्याच बाडात एक कलम, की या गावाचं नाव इंग्रजीत डिंगल आणि आयरिशमधे दैंगन ई खूश. सहा वर्षांचं भांडण कॅरीबॅगच्या शेजारी बसून मिटलं. कायद्याच्या जगात असं चालतं म्हणे.

बाकीची दोन हजार नावं तशीच राहिली. व्हेंट्रीची पाटी आजही फक्त क्यान त्रॉ म्हणते, टुरिस्ट तिथेही गोंधळतात, पण व्हेंट्रीत हॉटेलं कमी. अर्थ शोधायचा असेल तर मात्र आता दिवस बरे आहेत. 2008 पासून आयोगाच्या कामाचा सगळा खजिना लॉगअनिम या साइटवर टाकलाय. गावाचं नाव टाका, जुनी रूपं कुठल्या सालच्या कागदात कशी आहेत, आणि बऱ्याच नावांच्या तर ओडोनोव्हनच्या काळातल्या सर्व्हेच्या नोंदी स्कॅन करून ठेवल्यात. शाई जरा फिकी पडलीये पण अक्षर लागतं. एका रात्री मी डिंगलपासून सुरुवात केली आणि पहाटे तीनला कुठल्यातरी 'लिस' ने सुरू होणाऱ्या शिवारावर होतो (लिस म्हणजे मातीचा गोल तट घातलेलं जुनं घर, त्याला परींचं घर मानून शेतकरी आजही नांगर घालायला बिचकतात). बायकोने दिवा बंद केला.

2014 मधे पुन्हा गेलो, या वेळी पोरगी पण होती. ट्रॅली सोडल्यावर पाटी आली, वर तिरकं दैंगन ई खूश, खाली कॅपिटलमधे डिंगल, स्प्रे नाही काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीच्या रांगेत पुढे दोन बायका आयरिशमधे जोरजोरात बोलत होत्या, मला त्यातलं शष्प कळत नाही पण एक शब्द कळला, सा दैंगन, म्हणजे दैंगनमधे. दोन-तीनदा आला. ई खूश एकदाही नाही.